चौथ्या आसरेच्या पाठीवरचं पान

जायचं की नाही हे ठरवायला एरवी मी महिना घालवला असता. पण विहीर माझ्यासाठी थांबणार नव्हती.

मी औरंगाबादला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझ्या शेजारच्या टेबलावरची सुनीता मराठी शिकवते. तिचं माहेर जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, हसनाबादच्या पुढच्या एका लहान गावात. मार्चच्या सुरुवातीला ती माहेरहून आली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलं. "दादाच्या नव्या विहिरीत निघालंय. तू पानाफुलांची बाई. बघ बरं."

करड्या दगडाची कपची होती, पापडासारखी पातळ. तिच्यावर तपकिरी रंगाची, अंगठ्याच्या नखाएवढी जाळी.

मला आनंदाच्या आधी भीती वाटली. आमच्या भागात दगडावरची 'पानं' पुष्कळ मिळतात आणि बहुतेक खोटी असतात. खडकाच्या फटीत मँगनीज झिरपून नेच्यासारखी काळी नक्षी उमटते, आणि लोक ती जीवाश्म म्हणून काचेच्या कपाटात ठेवतात. मी भिंग घेऊन खिडकीशी गेले. खोट्या नक्षीच्या फांद्या फुटत जातात, पण एकमेकींना येऊन मिळत नाहीत. खऱ्या पानाच्या शिरा मिळतात, त्यांच्या बारीक चौकटी बनतात. इथे चौकटी होत्या. मी तीनदा पाहिल्या, मग सुनीतालाही पाहायला लावल्या.

एमएस्सीला मला शिकवलेले सर आता निवृत्त आहेत. संध्याकाळी त्यांच्याकडे कपची घेऊन गेले. सरांनी ती बराच वेळ पाहिली. मग सांगितलं की आपला सगळा प्रदेश लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर होते त्याच शेवटच्या काळात. दोन उद्रेकांच्या मधे कधी मोठा विसावा मिळायचा. तेवढ्यात तळी साचायची, झाडं वाढायची, पानं गाळात पडायची, आणि पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. विहिरीत तसा गाळाचा थर लागला असेल तर ती मोठी गोष्ट होती.

"पण थर जागेवर पाहिल्याशिवाय एक अक्षर बोलू नकोस," सर म्हणाले. "आणि अख्खं पान मिळालं तर पहिलं टोक बघ. टोक लांब, शेपटीसारखं असेल तर ते पावसाळी जंगलातलं असण्याची शक्यता असते. पानावरचं पाणी त्या टोकावरून निथळतं."

भोकरदन तालुक्यात पावसाळी जंगल! मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते.

सुनीताने भावाला फोन लावला. तो म्हणाला की थर लागलाय तिथवर भोकं मारून झाली आहेत, शनिवारी सुरुंगाचा बार उडवायचा, आणि नंतर वरच्या बाजूला बांधकाम. म्हणजे शनिवारनंतर तो थर फुटून जाणार किंवा दगडी भिंतीच्या मागे जाणार. "ताईला म्हणा जल्दी या. मी सकाळचा बार दुपारवर ढकलतो. त्याच्यापुढं मुकादम ऐकायचा न्हाई."

माझ्या या पुन्हापुन्हा तपासण्याच्या सवयीबद्दल थोडं सांगायला हवं. माझे बाबा कालव्याच्या कामावर सर्व्हेअर होते. आमचं बिऱ्हाड कॅम्पावर असायचं, जवळ शाळा नसायची, म्हणून पहिली काही वर्षं मी घरीच शिकले. अक्षरं आईने शिकवली आणि नोंदी ठेवणं बाबांनी. त्यांचा एकच नियम होता. दिसलं ते समासाच्या आत लिहायचं, वाटलं ते बाहेर. त्यामुळे मी आजही कुठे निघाले की आधी धाकधूक सुरू होते, आपल्याला दिसणाऱ्यापेक्षा वाटणारंच जास्त तर नसेल ना?

शनिवारी पहाटेच निघालो. पिशवीत बाबांची स्टीलची पट्टी, भिंग, पेन्सिली, जुनी वर्तमानपत्रं, नरम ब्रश, एका सहकाऱ्याकडून मागून आणलेला डिजिटल कॅमेरा आणि त्याचे जास्तीचे सेल. बस सुटल्यावर मी सेल पुन्हा मोजले. सुनीता म्हणाली, "वाढत नाहीत ते मोजून."

जाणार असाल तर मार्ग सोपा आहे. औरंगाबादहून जालना, तिथून भोकरदनच्या एसटीने राजूर. राजूरला गणपतीच्या दर्शनाची गर्दी असते, त्यामुळे चहा-नाश्ता हमखास मिळतो. आम्ही गरम भजी घेतली. मला एकच गेलं, बाकीची सुनीताने संपवली. पुढे हसनाबादकडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा. माणशी दहा रुपये, पण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि 'भरली' या शब्दाचा अर्थ ड्रायव्हर ठरवतो. आमच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर चौघं बसल्यावरही तो रस्त्याकडे पाहत उभा होता.

"अरे बाबा, चल की आता," एक म्हातारे गृहस्थ ओरडले. "माझी पोरगी सासरी नांदून परत यायची, तू काय निघंना."

"दोन सीट बाकी हायेत, मामा."

"कुठं बाकी हायेत? तुझ्या मांडीवर?"

सगळे हसले. मी घड्याळ पाहत होते. मुकादम दुपार म्हणजे किती वाजता समजतो, हे कुणालाच विचारलं नव्हतं.

रस्ता हसनाबादपर्यंत बरा आहे, पुढे खडीचा. मार्च असल्यामुळे शेतं मोकळी, हरभरा काढून झालेला, मधेच मोसंबीच्या बागा हिरव्यागार. उन्हाळ्यात बाग धरून ठेवायची तर पाणी हवं, म्हणून जिकडेतिकडे विहिरींवर याऱ्या उभ्या. यारी म्हणजे विहिरीतून दगड उपसायचं, इंजिनावर चालणारं मशीन. लांबून ती मान वाकवलेल्या बगळ्यासारखी दिसते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दगड विकणारे लोकही ब्लॉग वाचतात.

सुनीताचा भाऊ विष्णू, सगळ्यांचा विष्णूदादा, फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा होता. चाळिशीचा, उंच, पांढऱ्या टोपीतला माणूस. तिघं एका मोटरसायकलवर बसून शेतात आलो. विहिरीवर इंजिन बंद होतं आणि यारीची टोळी बाभळीखाली भाकरी खात बसली होती. म्हणजे बार झालेला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

"ताई, तुमच्यासाठी माल बाजूला ठेवलाय," विष्णूदादा उत्साहाने म्हणाला. "चांगलं पोतंभर. एकेक पान असं, का आत्ताच झाडावरून तोडलं म्हणाल. बिलकुल खराब होऊ दिलं न्हाई."

तो मला गोठ्याजवळच्या हौदाकडे घेऊन गेला. हौदात करडं पाणी होतं. त्याने बाह्या सारल्या, कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपायला लागला. मग दुसरा हात घातला. त्याचा चेहरा बदलत गेला.

"पाण्यात ठेवले होते?" मी विचारलं. उत्तर मला दिसतच होतं.

"विहिरीतून निघालेली चीज. उन्हात तडकून राह्यली व्हती. म्हटलं, पाण्यातली हाये तर पाण्यातच बरी राहील."

त्याने मूठ वर काढली. बोटांमधून मऊ, लोण्यासारखा गाळ ओघळला. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळ होता, दगड झाला, आणि आठवडाभर हौदात राहून पुन्हा गाळ झाला. अशा मातकट दगडाचं हेच होतं, हे मला माहीत होतं. फोनवर सांगायला हवं होतं. पण मला सुचलं नाही, आणि त्याने तर जिवापाड जपले होते.

विष्णूदादा हात तसाच धरून उभा राहिला. "समदं गेलं का हो, ताई?"

मी हौदात वाकून पाहिलं. तेवढ्यात मागून आवाज आला. "एक हाये की."

या सरला वहिनी, विष्णूदादाची बायको. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. "पाणी घ्या आधी. तोंड कसं झालंय बघा पोरीचं." मी पाणी प्यायले. मग त्यांनी विहिरीच्या उगवतीच्या कडेला बोट दाखवलं.

तिथे मातीच्या छोट्या ओट्यावर वीतभर उंचीचे सात दगड ओळीने रोवलेले होते, शेंदराने लालभडक. साती आसरा. पाण्याच्या देवता. आमच्याकडे विहीर खणायला घेतली की घरची बाई त्याच विहिरीतले सात दगड निवडते, तेलात कालवलेला शेंदूर लावते आणि काठावर मांडते. पाणी लागलं की पहिलं पाणी त्यांना घालायचं. एकदा मांडल्या की त्यांना हलवायचं नाही.

"चौथी," वहिनी म्हणाल्या. "पान व्हतं तिच्यावर. सगळ्यात नामी दगड तोच, म्हणून मधी बसवली."

मी ओट्यापुढे गुडघे टेकले. चौथ्या दगडाच्या दर्शनी बाजूवर बोटभर जाड शेंदूर. खाली पान असेल तर ते मला या जन्मात दिसणार नव्हतं.

"काढून देतो," विष्णूदादा म्हणाला. हौदाचं त्याला फार लागलं होतं. "त्याच्या जागी दुसरा ठेवू. रॉकेलनं शेंदूर निघतो."

"हात लावू नका." वहिनींचा आवाज चढला नाही, पण विष्णूदादा थांबला. "चार परस खाली गेलो, अजून थेंब न्हाई. आता आसरा उपटली आन् पाणी न्हाई लागलं, तर उद्या सगळं गाव मला काय म्हणंल?"

एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहीर तशी चार माणसं खोल गेली होती आणि तळ कोरडा होता. मी पटकन म्हणाले, "नाही नाही, दगड काढायचा नाही. मला विहिरीत उतरून थर पाहायचाय." हे बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले.

मुकादम भाकरी संपवून आला. हरिभाऊ त्याचं नाव. रुंद, काळासावळा, गळ्यात टॉवेल. त्याने मला खालून वर पाहिलं.

"मॅडम उतरणार? बकेटीत?"

"हो."

"चक्कर येती का?"

"माहीत नाही."

"बरं झालं, खरं बोलल्या. दुसरा कुणी म्हणला असता, येत न्हाई, आन् मधीच पाय गाळले असते." मग तो विष्णूदादाकडे वळला. "दादा, भोकं तयार हायेत. बार भरायच्या आधी काय बघायचं ते बघून घ्या. एकदा भरायला घेतलं की मंग मी माझ्या बापालाबी खाली सोडत न्हाई. आन् चपला वर ठेवा. विहिरीत चप्पल चालत न्हाई."

सुनीताला विचारलं, येतेस का. ती चार पावलं मागे सरकली. "मी मराठीची बाई. मला वरूनच दिसतं."

बकेट म्हणजे लोखंडी ढोल, कंबरेएवढा उंच. आत मी आणि विष्णूदादा. इंजिन धडधडलं, दोर ताणला, पायाखालची जमीन गेली. मी डोळे मिटणार नाही असं ठरवलं होतं. मिटले. उघडले तेव्हा उजेड कमी झाला होता आणि ओल्या मातीचा नाही, जळक्या दारूचा वास येत होता, आधीच्या बारांचा.

"थांबव!" विष्णूदादा वर ओरडला. बकेट गरकन फिरून स्थिरावली. "बघा ताई, हा तुमचा थर."

थर खरोखर होता. वर काळा कठीण पाषाण. त्याच्या बुडाशी विटेसारखी लाल भाजलेली पट्टी. तिच्याखाली हातभर जाडीचा करडा, पानापानांसारखा सुटणारा थर. आणि त्याच्याखाली पुन्हा लाव्ह्याचाच, भोकाभोकांचा मऊ खडक, ज्याला इकडे मांजऱ्या म्हणतात. खाली लाव्हा, वर लाव्हा, मधे कुठल्यातरी तळ्याचा तळ. मी हात लावला. कोरडा आणि गार होता.

विष्णूदादाने भिंतीतल्या कपारीला धरून बकेट हलू दिली नाही. मी पट्टी लावून फोटो घेतले. करड्या थरात तपकिरी तुकडे जिकडेतिकडे दिसत होते. शिरा, देठ, पानांच्या कडा. जागेवर, थरातच. सरांची पहिली अट पूर्ण झाली होती. आता एक अख्खं पान हवं होतं, एक टोक.

चाकूच्या पात्याने मी एक पदर सोडवला. हाताएवढा पदर अलगद सुटला, त्यावर पानाची मधली शीर सरळ धावताना दिसली, आणि मी तो वर्तमानपत्रावर घेईपर्यंत त्याचे वीस तुकडे झाले. दुसरा सोडवला. तोही गेला. आधीच्या बारांनी सगळा थर आतून तडकला होता. तिसराही तसाच गेला.

"मॅडम!" वरून हरिभाऊ. "देव दिसला का?"

"थोडं थांबा!"

"आमचं पोट थांबत न्हाई हो!"

विष्णूदादा हळूच म्हणाला, "ताई, आता जाऊ. बारवाला भडकंल." त्याच्या आवाजात अपराधी भाव होता, जणू हा थरही त्यानेच तडकवला होता. मी दोन-चार तुकडे कागदात गुंडाळले आणि मान हलवली. दोर ताणला. मी वर पाहत होते, कारण खाली पाहवत नव्हतं.

बकेट काठाशी येते तेव्हा एक क्षण डोळे जमिनीच्या पातळीला येतात. माझे तसे आले, आणि समोर साती आसरांच्या पाठी होत्या. बाहेरून लाल दिसणारे सातही दगड विहिरीच्या बाजूने कोरे होते. चौथ्या दगडाच्या पाठीवर पान होतं.

अख्खं. देठ वर, तळहाताएवढं रुंद, मधल्या शिरेपासून दोन्हीकडे आठ-नऊ शिरा कमानीसारख्या वळलेल्या. कडेजवळ प्रत्येक शीर पुढचीला भेटत होती. ते खाली खाली निमुळतं होत गेलं होतं, आणि जिथे टोक असायला हवं तिथे दगड मातीत रोवलेला होता.

"थांबवा!" मी इतक्या जोरात ओरडले की हरिभाऊने इंजिनच बंद केलं.

मला बाहेर काढल्यावर मी वहिनींना विचारलं, "तुम्ही पान पाठीमागे ठेवलं?"

"मंग? पानाला शेंदूर कसा लावू? म्हटलं, पाण्याकडं तोंड करून राहू दे. त्याला दिसंल तरी, पाणी कधी येतंय ते." मग म्हणाल्या, "आन् देठ वर पायजे. झाडाला पान तसंच लोंबतं."

म्हणून टोक मातीत होतं. पान उलटं रोवलं असतं तर मला टोक दिसलं असतं.

विहिरीकडून पाहायचं तर काठावर आडवं पडूनच पाहावं लागणार होतं. मी पोटावर झोपले, मान आणि खांदे विहिरीवर, हातात वही. वहिनींनी मागचापुढचा विचार न करता माझ्या पायांवर बैठक मारली. "घ्या काढून. मी बसले हाये, कुठं जात न्हाईत तुम्ही."

"वहिनी, तिचे पाय मोडतील," सुनीता म्हणाली.

"मोडले तर बसवता येतील. पडली तर काय बसवायचं?"

मी काढायला लागले. बाबांच्या पट्टीने रुंदी घेतली, शिरांमधलं अंतर घेतलं, चौकटी मोजल्या. फोटो घेतले, पण दुपारचं ऊन दगडावर तिरकं येत होतं आणि पानाचा अर्धा भाग माझ्याच सावलीत. त्यामुळे मी डोळ्यांवर जास्त विसंबले. हरिभाऊ काठावर येरझारा घालत होता. "पानाचं चित्र काढायला माणूस विहिरीत लटकतो, हे मी पहिल्यांदाच बघून राह्यलो," तो टोळीला सांगत होता. "आमच्याकडं झाडाखाली बसून काढत्यात."

मी मातीच्या रेषेपर्यंत आले आणि थांबले. नखाने थोडी माती उकरली तर? ओटा कच्चा होता. पण दगड हलला तर? मी हात मागे घेतला.

विष्णूदादा वाकून म्हणाला, "अजूनबी सांगा. उपटतो."

मी नको म्हणाले.

मग बार भरायला घेतला. वहिनींनी आसरांवर कोरडी पोती टाकली, वर कडब्याच्या पेंढ्या. आम्ही सगळे मोसंबीच्या बागेपलीकडे गेलो. विष्णूदादाने रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवलं. हरिभाऊची आरोळी आली, मग काहीच नाही. मला त्या वेळी त्या थराचा विचार करायला हवा होता. मी करत होते तो पोत्याखालच्या एका दगडाचा.

आवाजाच्या आधी पायाखालची जमीन हलली. मग आवाज, मग खड्यांचा पाऊस बागेच्या अलीकडे. एक खडा टणकन गोठ्याच्या पत्र्यावर पडला.

धूर निघून जाईपर्यंत कुणी विहिरीजवळ जात नाही. तो वेळ फार मोठा होता. वहिनी आधी निघाल्या, पेंढ्या बाजूला केल्या, पोती उचलली. साती आसरा जागेवर होत्या. मी धावत जाऊन वाकून पाहिलं. पानही होतं.

आणि मग खालून, उतरलेल्या माणसाचा आवाज आला. "दादा! फुटलं! उत्तरेच्या अंगाला फुटलं!"

पाणी. विष्णूदादाने टोपी काढली आणि पुन्हा घातली, आणि पुन्हा काढली. हरिभाऊ हसत होता, जसं काही त्यानेच ते तिथे ठेवलं होतं. पहिली बकेट वर आली, गढूळ, पिवळसर पाण्याची. वहिनींनी तांब्या भरला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओट्याकडे निघाल्या. सगळे मागे. नारळ फुटला. वहिनींनी पहिल्या आसरेवर पाणी घातलं, डोक्यावरून, सगळीकडून ओघळेल असं. मग दुसऱ्या.

तेव्हा माझ्या डोक्यात हौद आला. विष्णूदादाची मूठ, बोटांमधला गाळ. शेंदूर लावलेल्या बाजूला तेल होतं, तिला पाणी लागणार नव्हतं. पाठ कोरी होती. पान कोरं होतं.

तिसऱ्यावर पाणी पडलं.

"वहिनी, थांबा."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. हरिभाऊचं हसू गेलं. "मॅडम, देवाचं पाणी मधी अडवत्यात का कुठं?"

"अडवत नाही," मी म्हणाले. "वहिनी, पाठीमागून पाणी ओघळलं तर पान जाईल. शेंदूर नाही तिथे."

"हौदातल्यावानी?"

"हो."

वहिनी तांब्या धरून उभ्या राहिल्या. एकीकडे सगळे वाट पाहत होते आणि चौथ्या आसरेला पाणी घालायचं नाही असं तर होऊ शकत नव्हतं. दुसरीकडे त्यांनीच निवडलेलं, त्यांनीच पाण्याकडे तोंड करून ठेवलेलं पान. विष्णूदादा काही बोलायला गेला, त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग तांब्या खाली ठेवला. ओट्याच्या कोपऱ्यात शेंदराची वाटी होती, तेलाने भरलेली. ती उचलून त्या विहिरीच्या बाजूला गेल्या, मी झोपले होते तिथे वाकल्या, आणि मान वळवून मला विचारलं, "बघून झालं का तुमचं?"

माझं कधीच बघून होत नाही. रोज घराला कुलूप लावल्यावर मी दोनदा परत येते. टोक राहिलं होतं, दुसऱ्या उजेडातले फोटो राहिले होते, डाव्या बाजूच्या शिरा पुन्हा मोजायच्या होत्या.

"झालं," मी म्हणाले.

वहिनींनी अंगठ्याने शेंदूर लावला. देठापासून सुरू केलं, शिरांवरून खाली, कडांपर्यंत, मातीला टेकेपर्यंत. कुठे फट राहू दिली नाही. मग तांब्या उचलला आणि चौथ्या आसरेवर इतरांपेक्षा जरा जास्तच पाणी घातलं. ते थेंब थेंब होऊन शेंदरावरून घरंगळलं.

रात्री जेवायला येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता. दुपारी घास उतरला नव्हता, आता मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. या भागात गेलात तर येसरची आमटी मागून खा, हॉटेलात मिळत नाही. विष्णूदादाने निघताना मोसंबीची पिशवी दिली. "हौदाचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. हे वाक्य खरं तर मी त्याला म्हणणार होते.

घरी आल्यावर सरांना सगळं दाखवलं. जागेवरचा थर, तुकडे, फोटो. फोटोतले दोनच बरे निघाले. चित्र त्यांनी भिंगाखाली धरलं. "चित्र उत्तम आहे. पण नमुना हातात नाही, तेव्हा या पानाचं नाव लावता येणार नाही. तो थर मात्र कळवायला हवा. शेजारच्या विहिरींत तो पुन्हा लागेल. टोक?"

"दिसलं नाही."

"हं. तसंही एका पानावरून पाऊस पाडता येत नाही," ते म्हणाले.

वाचकांपैकी कुणाच्या विहिरीत असा पापुद्र्यांचा करडा दगड निघाला, तर एवढं करा. पाण्यात घालू नका, उन्हात टाकू नका. कागदात गुंडाळून सावलीत ठेवा. कुठल्या खोलीवर निघाला ते लिहून ठेवा, आणि जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारं कुणी असेल त्यांना कळवा.

पुढच्या रविवारी बाबा माझ्याकडे आले होते. त्यांनी चित्र पाहिलं. पट्टीची मापं तपासली. मग खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हे अर्धं का?"

"मातीत होतं. दिसलं नाही."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, चहा पिताना, "पण तो दगड मातीत रोवण्याआधी कुणीतरी पाहिलाच असेल की."

मी सुनीताला फोन केला, सुनीताने विष्णूदादाच्या मोबाइलचा नंबर दिला. बऱ्याच वेळाने वहिनी फोनवर आल्या. पाणी दीड परस चढलं होतं, मोसंबी सावरली होती. मी टोकाचं विचारलं.

"टोक? तवाच इचारायचं ना, बाई. दिवसभर लटकून राह्यल्या अन् मला एक शब्द इचारला न्हाई." मागे कुणीतरी हसलं. "व्हतं की टोक. लांब. पिंपळाच्या पानाला असती ना शेपटी, तशी. मी बोटानं चाचपून बघितलं व्हतं, माती लावायच्या आधी. बोटाच्या दोन पेरांएवढी."

मी आभार मानले. फोन ठेवून चित्रासमोर बसले. पेन्सिल हातात होती. पिंपळाची शेपटी काढणं काही अवघड नाही.

काढली नाही. कोरी जागा कोरीच ठेवली. तिच्याखाली, समासाच्या आत, लिहिलं: टोक लांब, पिंपळासारखं, दोन पेरं. पाहणारी सरला वहिनी.